एका योजनातील परमाणुरज : ‘ललितविस्तर’मधील एक महासंख्या

बौद्ध संस्कृत वाङ्मयातील महासंख्यांकडे पुष्कळदा केवळ काव्यात्म अतिशयोक्ती म्हणून पाहिले जाते. हा आक्षेप सरसकट मान्य करता येत नाही. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आकारास आलेल्या ‘ललितविस्तर’ या ग्रंथातील एकच संख्या तपासली, तरी ही गोष्ट ध्यानात येते. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेली या ग्रंथाची आवृत्ती १९५८ साली दरभंगा येथून प्रसिद्ध झाली आहे.

ग्रंथाच्या बाराव्या, ‘शिल्पसंदर्शन’ परिवर्तात दंडपाणी शाक्य आपली कन्या गोपा शिल्पज्ञ पुरुषालाच देण्याचा आग्रह धरतो. त्या निमित्ताने झालेल्या परीक्षेत गणक महामात्र अर्जुन बोधिसत्त्वांना कोटीच्या पुढील गणना विचारतो. शंभर कोटींचे एक अयुत, शंभर अयुतांचे एक नियुत, शंभर नियुतांचे एक कंकर, अशा शतगुणित तेवीस पायऱ्यांनी ही माला तल्लक्षणापर्यंत, म्हणजे एकावर त्रेपन्न शून्यांपर्यंत पोहोचते.

यानंतर परमाणुरजाचा प्रश्न येतो. सात परमाणूंचा एक अणू, सात अणूंची एक त्रुटी. पुढे वातायनरज, शशरज, एडकरज, गोरज, लिक्षा, सर्षप व यव या क्रमाने दर वेळी सातपट होत दहाव्या पायरीवर अंगुलीपर्व येते. म्हणून एका अंगुलीपर्वात साताच्या दहाव्या घाताइतके, म्हणजे २८,२४,७५,२४९ परमाणू होतात. बारा पर्वांची वितस्ती, दोन वितस्तींचा हस्त, चार हस्तांचे धनुष्य, सहस्र धनुष्यांचा मागध क्रोश व चार क्रोशांचे योजन, या मानाने योजनात ३,८४,००० अंगुलीपर्वे भरतात. या दोहोंचा गुणाकार १०,८४,७०,४९,५६,१६,००० होतो.

ही संख्या ग्रंथातीलच संज्ञांनी सहज वाचता येते : १० कंकर, ८४ नियुत, ७० अयुत, ४९ कोटी, ५६ लक्ष, १६ सहस्र. तिचे मूळ अवयव पाहिले तर दोनाचा दहावा घात, एक तीन, पाचाचा तिसरा घात आणि साताचा दहावा घात एवढेच हाती लागतात. त्यांतील सात परमाणुमालेतून आले आहेत. दोन, तीन व पाच हे हस्त, धनुष्य, क्रोश अशा लोकव्यवहारातील मापांतून आले आहेत. संख्येची घडण तिच्या अवयवांत अशी जपलेली आहे.

याचा उपयोग पाठचिकित्सेसही आहे. लेखनिकाच्या हातून एखादा अंकवाचक शब्द गळाला वा बदलला, तर तो दोष केवळ वाचून कळणार नाही. भागाकाराने कळू शकेल. शुद्ध संख्येस साताने दहा वेळा निःशेष भाग जातो, अकराव्या वेळी जात नाही. तिनाने एकदाच जातो.

या प्रसंगावरून सिद्धार्थांच्या चरित्रातील एखादी ऐतिहासिक घटना सिद्ध होते, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्या परंपरेने शास्त्याच्या गुणवर्णनात लिपी व शस्त्रविद्येबरोबर गणनेलाही स्थान दिले, त्या परंपरेत गणिताचा आदर होता, हे निश्चित. श्रद्धेने वाचलेली संख्या पडताळूनही पाहावी, हेच त्या परंपरेस शोभणारे आहे.