टाकाऊ वस्तूंचे मांडणशिल्प

टाकून दिलेल्या वस्तू रचून उभारलेले, प्रेक्षकाला आत शिरता येईल असे कलारूप. भंगारातून घडवलेला सुटा पुतळा यात मोडत नाही. जागा, उजेड, आवाज आणि वास यांना येथे वस्तूंइतकेच मोल असते.

पूर्वपीठिका : जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स यांनी सुमारे १९२३ पासून हॅनोव्हरच्या राहत्या घरात लाकूड, प्लास्टर व सापडलेल्या किरकोळ वस्तूंची रचना वाढवत नेली. ‘मेर्झबाऊ’ नावाची ही रचना १९४३ च्या बाँबहल्ल्यात नष्ट झाली. चंदीगड येथे रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या व चिनी मातीच्या तुकड्यांतून गुपचूप घडवलेले रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. विवान सुंदरम यांनी ‘ट्रॅश’साठी (२००८) कचरावेचकांना सोबत घेऊन कचऱ्याचे शहर मांडले आणि त्याची छायाचित्रे प्रदर्शित केली.

महाराष्ट्र : ‘स्नेहा’ संस्थेने २०१५ मध्ये धारावीत भरवलेल्या द्वैवार्षिकीत वस्तीतल्या रहिवाशांनीच कलाकृती केल्या.

वसई-विरार : येथे हा प्रकार कलादालनातून आला नाही, सणांच्या देखाव्यांतून वाढला. वसईच्या ख्रिस्ती गावांत नाताळचा गोठा उभारण्याची जुनी चाल आहे. गोठ्याची परंपरा संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे मांडलेल्या देखाव्यापर्यंत नेली जाते. भाताचा पेंढा, बांबू, माती यांच्या जोडीला पुठ्ठे, जुनी वर्तमानपत्रे आणि रिकाम्या बाटल्या येतात. स्पर्धा असल्या की तरुण मंडळी रात्र रात्र जागून गोठे बांधतात. गणेशोत्सवात थर्माकोलच्या मखरांचे चलन होते. राज्य सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलवर बंदीची अधिसूचना काढल्यावर पुठ्ठा आणि कागद यांना पुन्हा मागणी आली. वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांचा हा पट्टा असल्याने पत्र्याच्या कापण्या, पाइपांचे तुकडे, खोकी यांचीही ददात नाही. कलासमीक्षेने या देखाव्यांना हौशी सजावट म्हणून बाजूला ठेवले आहे. त्यांची सामूहिक रचनाबुद्धी पाहता तो निवाडा अन्यायकारक आहे.

तंत्र : माल निवडणे, धुणे व वाळवणे यांत बराच वेळ जातो. जोडणीसाठी सुतळी व तार वापरल्यास वस्तू पुढे सुट्या करता येतात. गोंदाने चिकटवलेल्यांचा पुन्हा कचराच होतो. कागद व पेंढा पेट घेतात, म्हणून दिव्यांची वायर त्यांपासून दूर न्यावी लागते.

जतन : बहुतेक रचना सणानंतर मोडल्या जातात.