डोक्यावरचा चंद्र

ज्यांची ए-बी-सी-डी पाचवीत सुरू झाली, त्या पिढीतल्या कोणाचेही जुने क्रमिक पुस्तक उघडावे. इंग्रजी शब्दांच्या माथ्यावर शिसपेन्सिलीने बारीक देवनागरी अक्षरे लिहिलेली सापडतील. आमचे मास्तर ती रबराने खोडायला लावीत. “कुबड्या टाका,” म्हणत.

असल्या कुबड्या पुढे खुद्द इंग्रजांना आपल्या मुलांसाठी घडवाव्या लागल्या. १९६१ साली जेम्स पिटमन यांची चव्वेचाळीस अक्षरांची वर्णमाला तिकडच्या काही शाळांत आली. एका ध्वनीला एक चिन्ह. वाचन जमले की मुलाला रूढ लिपीकडे वळवायचे. हे जेम्स म्हणजे १८३७ साली उच्चारावर बेतलेले लघुलेखन काढणाऱ्या आयझॅक पिटमनांचे नातू. (त्या लघुलेखनाचे वर्ग पुण्याच्या पेठांतूनही चालत.) मुले नवी अक्षरे वाचू लागली, पण परतीच्या वाटेवर पुष्कळ अडखळली, आणि १९७० नंतर तो प्रयोग ओसरला.

आमच्यापाशी ही सोय बाराखडीने आयती दिली होती. उणीव होती मुख्यतः दोन स्वरांची. ‘बॅट’ला ‘बेट’ म्हणावे तर ती पाण्यातली जमीन होते, आणि ‘बॉल’चा ‘बाल’ झाला की खेळच संपला! जुन्या छापखान्यांनी ‘ब्यांक’, ‘म्याजिस्ट्रेट’, ‘कालेज’ असे लिहून वेळ निभावली. कानडी अजून ‘ब्यांक’च लिहिते. मराठीने मात्र अक्षराच्या डोक्यावर अर्धचंद्र बसवला. हा पाहुणा इतका रुळला की ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेतच जागा दिली. पुण्यात १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांत आता बाराखडीची चौदाखडी झाली आहे. इंग्रजी वाचण्यासाठी इंग्रजांनी केलेली अक्षरे मोडीत निघाली. आपली दोन टिकली, ती मराठीत!

मास्तरांचे अगदीच चुकत होते असे नाही. ‘नाइफ’ लिहिल्याने आरंभीचा मुका ‘के’ दिसत नाही, आणि इंग्रजीतले दोन निराळे ‘व’ आपल्या एकाच ‘व’त बुडतात. तरीही पाचवीतल्या मुलाचा पाय एका पक्क्या लिपीवर असे. २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीतच आले. दोन्ही लिप्या एकदम, एकीचा दुसरीला आधार नाही. इंग्रजी माध्यमात तर क्रम उलटाच. शेजारची नात फी भरून ‘फोनिक्स’च्या वर्गाला जाते. परवा तिने मला ‘ॲ’चा ध्वनी तोंड वासून म्हणून दाखवला. मी कागदावर ते अक्षर काढून दिले, तेव्हा तिने विचारले, “आजोबा, ह्याच्या डोक्यावर चंद्र का?”