भाजलेले दात

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाजवळचं जुनं दफनस्थान या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेमार्गासाठी उकरलं गेलं, तेव्हा एका फ्रेंच आर्चबिशपची शवपेटी वर आली. नार्बोनचे आर्थर रिशार डिलन. राज्यक्रांतीनंतर देश सोडून इंग्लंडला आले आणि 1806 मध्ये तिथेच वारले. दोनशे वर्षांनी त्यांची हाडं उरली होती, आणि हाडांबरोबर चिनीमातीची वरची-खालची पूर्ण कवळी. मी पुण्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये सिरॅमिकचं काम करते. त्या कवळीचा विचार करताना माझ्या मनात येतो तो भट्टीचा प्रश्न. घोड्याच्या नालासारखा एवढा मोठा तुकडा त्या काळी भाजताना वाकडा झाला नाही तो कसा?

वाकडा होतच असे. पॅरिसजवळ औषधांचं दुकान चालवणारे अलेक्सी दुशातो यांच्या तोंडात पाणघोड्याच्या दाताची कोरीव कवळी होती. दुकानातल्या औषधांचे वास तिच्यात मुरायचे आणि काही केल्या जायचे नाहीत. चिनीमातीच्या भांड्याला वास लागत नाही, मग कवळीही तशीच का नको, असं म्हणून 1774 च्या सुमारास ते एका चिनीमातीच्या कारखान्यात गेले. पहिले प्रयत्न फसले, कारण चिनीमाती भाजली की आकसते आणि आकसलेली कवळी जबड्यावर बसत नाही. पुढे निकोला दुबुआ द शेमाँ या दंतवैद्याने मिश्रण सुधारलं, आकसण्याचा हिशोब आधीच धरून साचा मोठा घ्यायची रीत बसवली, आणि क्रांतीच्या धामधुमीत लंडन गाठून 1791 मध्ये तिथलं पेटंट मिळवलं. आर्चबिशपांची कवळी त्याच्याच हातची असावी, असं मानतात. आज आमच्या लॅबमध्ये संगणक झिर्कोनिया या सिरॅमिकची दातांची अख्खी कमान सुमारे वीस-पंचवीस टक्के मोठी कापतो आणि भट्टीत ती आकसून मापाला येते. हिशोब दुबुआचाच आहे. माझ्या धंद्यातल्या मुलामुलींना त्याचं नावही सांगितलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात घातलेल्या स्क्रूंवर, बसवलेली सिरॅमिकची पूर्ण कमान किती वर्षं टिकेल, हे डॉक्टर मला विचारतात, कारण पेशंट त्यांना विचारतात. पैसाही मोठा लागतो, कित्येकांची ती आयुष्यभराची बचत असते. मी या प्रश्नाकडे इतिहासातून बघते. चिनीमाती मातीत दोनशे वर्षं राहिली यात नवल नाही, खापरं हजारो वर्षं राहतात. तोंडात मात्र तिला कशाला तरी जोडावं लागतं, आणि दुबुआपासून आजपर्यंत जे बिघडलं ते बहुतेक त्या सांध्यापाशी बिघडलं.

1808 मध्ये पॅरिसमध्ये ज्युझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने अख्ख्या कवळीचा नाद सोडला आणि एकेक दात सुटा भाजला. प्रत्येकाच्या पाठीत प्लॅटिनमची आकडी. ही आकडी म्हणजे आमच्या धंद्याचा पहिला खरा सांधा असं मी मानते. प्लॅटिनम भट्टीत वितळत नाही, काळं पडत नाही, आणि गार होताना चिनीमातीच्या जवळपास त्याच प्रमाणात आकसतं, म्हणून दात तडकत नाही.  पुढे कडक रबराच्या कवळ्या आल्या आणि असे दात त्यांत बसवून जगभर गेले.

1903 मध्ये डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड यांनी प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर भाजलेली पोर्सेलीनची कॅप दाखवली. दिसायला देखणी, चावायला नाजूक. ताकद हवी तर खाली धातू हवा, आणि धातू हवा तर दोघांचं आकसणं जुळायला हवं. ते जुळलं 1962 च्या वाइनस्टाइन यांच्या पेटंटांत. ल्यूसाइट नावाचं खनिज पोर्सेलीनमध्ये ठरावीक प्रमाणात असलं की त्याचं प्रसरण सोन्याच्या मिश्रधातूच्या जवळ येतं. मी हाताने जे शिकले ते हेच काम. धातूवर त्याचा रंग झाकणारा ओपेकचा थर, त्यावर ब्रशने पावडर चढवायची, टिश्यूने पाणी टिपायचं, भट्टीच्या तोंडाशी वाळवून मगच आत सारायचं. पाणी राहिलं की थर उडतो. गार करताना घाई केली तर तडा त्याच दिवशी दिसत नाही, पेशंटच्या तोंडात काही महिन्यांनी दिसतो.

इम्प्लांटची गोष्ट वेगळ्या दिशेने आली. स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क 1950 च्या दशकात सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. टायटॅनियमची नळी हाडात बसवली होती, ती नंतर निघेना. हाड तिला धरून बसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि 2006 मध्ये लार्सन वारले तोवर, चाळीस वर्षं, ते कामात होते. हाड आणि टायटॅनियमचा सांधा टिकतो हे असं कळलं.

त्या काळच्या कमानी सिरॅमिकच्या नव्हत्या, सोन्याचा सांगाडा आणि वर अॅक्रिलिकचे दात अशा होत्या. त्याला कारण होतं. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, ती दाब झेलते आणि मेंदूला खबर देते. इम्प्लांटला ती नाही. खडा लागला तरी उशिरा कळतं. म्हणून वर मऊ अॅक्रिलिक ठेवा, असा सल्ला होता. अॅक्रिलिक झिजायचं, दात निघून यायचा, पण दुपारपर्यंत दुरुस्त होऊन परत जायचा. ही सोय आम्ही फार सहज सोडून दिली, असं मला वाटतं.

झिर्कोनियाने सगळं पालटलं. 1975 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गार्वी आणि सहकाऱ्यांनी त्याला ‘सिरॅमिकचं पोलाद’ म्हणावं का, असं विचारलं. तडा पुढे सरकू लागला की त्याच्या टोकाशी स्फटिकांची रचना बदलते, ते सुमारे चार टक्के फुगतात आणि तड्याची वाट आवळली जाते. साध्या पोर्सेलीनच्या कित्येक पट ताकद. पण 2001 मध्ये खुब्याच्या सांध्यातले झिर्कोनियाचे गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले. एका उत्पादकाने भट्टीचा प्रकार बदलला होता, एवढंच. तेव्हापासून भट्टीचं तापमान लिहून ठेवणारी वही मला यंत्राइतकीच महत्त्वाची वाटते.

दातांत आधी झिर्कोनियाच्या सांगाड्यावर पोर्सेलीनचे थर दिले, आणि ते थर टवके उडून निघू लागले. झिर्कोनियातून उष्णता सावकाश बाहेर पडते, त्यामुळे वरचा थर बाहेरून आधी गार होतो आणि त्याच्या आत ताण अडकून राहतो. पुन्हा सांधाच. आम्ही गार करण्याचा वेग कमी केला, थर सगळीकडे सारख्या जाडीचा ठेवू लागलो, आणि शेवटी बहुतेकांनी थरच सोडला. आता अख्खी कमान एकसंध झिर्कोनियाची कापतात, फक्त हिरडीचा गुलाबी भाग आणि पुढच्या दातांच्या कडा हाताने रंगवतात. दात जास्त पारदर्शक हवे म्हणून झिर्कोनियातल्या इट्रियाचं प्रमाण वाढवलं तर ताकद घटते, हे पेशंटला सांगणारे कमी. मी डॉक्टरांना सांगते: पुढे पाहिजे तितकं सुंदर करू, पण शेवटच्या इम्प्लांटच्या मागे लोंबणारा भाग आखूड ठेवा आणि तिथली जाडी कापू नका. कमान मोडते ती बहुधा तिथे, आणि मोडली की जोडता येत नाही. उरलेला कमजोर सांधा म्हणजे कमान इम्प्लांटला जोडण्यासाठी झिर्कोनियात चिकटवलेली टायटॅनियमची नळी. ती सुटली तर कमान डुलते, आणि पेशंट तरीही तिच्यावरच चावत राहतो.

अशा एकसंध कमानींचा वापर जेमतेम दीड-दोन दशकांचा आहे. पहिल्या काही वर्षांचे निकाल चांगले आहेत आणि मी त्या कामावर विश्वास ठेवते, पण चाळीस वर्षांचं वचन अजून कुणी देऊ नये. कमान स्क्रूवर बसवावी, सिमेंटने कायमची चिकटवू नये, म्हणजे ती काढून साफ करता येते आणि नळी पुन्हा चिकटवता येते. दात खाणाऱ्याला रात्रीचा गार्ड द्यावा. आणि कमान कापली त्या दिवशीची संगणकातली फाइल लॅबने जपून ठेवावी, कारण कमान मोडली तर दुसरी तिच्यावरूनच कापायची असते. आमच्याकडे त्या फाइलींची वेगळी डिस्क आहे, आणि दर महिन्याला तिची दुसरी प्रत मी स्वतः काढते.