पोराचा आवाज बसला, एवढंच?

मंडळी, घटसर्प म्हटलं की आपल्याला आधी गोठा आठवतो. पावसाळ्याआधी गाई-म्हशींना लस टोचतो, तो. पण माणसाच्या लेकरांनाही घटसर्प होतो. जंतू वेगळा, आणि सुरुवात कधी कधी एवढीच: आवाज बसतो.

एके काळी युरोपात या घोगऱ्या आवाजानं आईबापांच्या काळजात धस्स व्हायचं. घशात राखाडी पडदा धरतो. तो स्वरयंत्रात उतरला की आवाज जातो, मग श्वास कोंडतो. स्पेनमध्ये याला 'गारोटिलो' म्हणत, गळा आवळून देहदंड देण्याच्या पद्धतीवरून. राजवाडेही सुटले नाहीत. 1878 मध्ये व्हिक्टोरिया राणीची 4 वर्षांची नात गेली आणि महिनाभरात त्या नातीची आई, म्हणजे राणीची मुलगी अ‍ॅलिसही गेली.

डॉक्टर काय करणार? 1825 मध्ये फ्रान्सच्या तूर शहरात ब्रेतोनो यांनी एका लहान मुलीची श्वासनळी बाहेरून छेदून तिला वाचवलं. 1880 च्या दशकात न्यूयॉर्कला ओड्वायर यांनी तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसवायची युक्ती काढली. श्वास मोकळा झाला, पण जंतूचं विष रक्तात भिनतच होतं. हृदय बंद पडून पोरं जायचीच.

त्या विषावर उतारा सापडला 1890 मध्ये, बर्लिनला. बेरिंग आणि कितासातो यांनी तो शोधला. पुढे घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून सीरम काढू लागले. 1894 मध्ये पॅरिसच्या रू यांनी आकडे मांडले: 100 पैकी 50 हून जास्त मुलं दगावायची, ती 25 च्या आसपास आली. 1901 चं वैद्यकशास्त्राचं पहिलं नोबेल बेरिंग यांना मिळालं ते याच कामासाठी.

पण सीरम वेळेत लागतं. पेशीत शिरलेलं विष त्याला काढता येत नाही. म्हणून खरा उपाय लसच. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस आपण देतो. दीड वर्षाचा, 5 वर्षांचा बूस्टर आणि 10 व 16 वर्षांची टीडी मात्र "आता मोठा झाला की" म्हणून राहून जाते. घटसर्पाला तेवढीच फट पुरते.

बहुतेक वेळा आवाज सर्दीनंच बसतो, घाबरू नका. पण सोबत श्वासाला घरघर, मानेला सूज, गिळता न येणं, लाळ गळणं यातलं काहीही दिसलं तर काढा उकळत बसू नका. घशात बोट घालू नका. थेट मोठा दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

आणि आज घरी गेल्यावर पोराचं लसीकरण कार्ड काढून बघा. एवढं कराच.