डबा

परवा मावशीकडे घराण्याची वंशावळ निघाली. आजीच्या नावाखाली सहा मुलं. पण आजी स्वतः नऊ सांगायची. मग तीन कुठे गेली? "डबा झाला नि गेली," एवढंच म्हणायची. लहानपणी मला डबा म्हणजे शाळेत नेतो तोच माहीत! मूल धापा टाकतं, पोट खालीवर होतं, त्या आजाराला विदर्भात डबा म्हणतात आणि तो म्हणजे न्यूमोनिया, हे फार उशिरा कळलं.

आजीचं माहेर तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात. १९८२ साली त्यातूनच गडचिरोली वेगळा झाला. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली आणि ५८ गावांत आरोग्यसेवक व दायांना डबा ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. तुलनेसाठी ४४ गावं होती. बाळाचे श्वास मोजायचे, पण अनेक दायांना पन्नासपर्यंत आकडे येत नसत. म्हणून एक साधं यंत्र केलं: एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटच्या लाल मण्यापर्यंत गेलं की न्यूमोनिया. वर्षभरानंतर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांत हजारी १७.५, तर या गावांत ८.१ होते. १९९० साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

मेळघाटातले बालमृत्यू १९९३ साली गाजले, तेव्हापासून एक वाद ऐकतोय. मुलं कुपोषणाने मेली की आजाराने? खरं तर हा प्रश्नच चुकीचा आहे. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी १९६८ सालीच जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात दोघांची सांगड दाखवली होती. तापात भूक मरते, जुलाबात खाल्लेलं टिकत नाही, मूल रोडावतं. रोडावलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती कमी, म्हणून पुढचा आजार जास्त जोरात येतो. त्यात आमच्याकडे ताप आला की लंघन!

गडचिरोलीच्या त्या प्रयोगाने गरिबी हटली नाही, घरातलं धान्यही वाढलं नाही. तरी मुलं वाचली. अर्थात वाचलेल्या मुलाला पोटभर मिळायला हवं हा प्रश्न उरतोच. पण गरिबी जाईपर्यंत थांबायची गरज नव्हती, हे कळलं.

आजीला मात्र सगळे म्हणायचे, तिचं दूधच वाईट. तिनेही ते शेवटपर्यंत खरं मानलं. आज ती असती तर सांगितलं असतं, "आजी, तुझं काही चुकलं नव्हतं गं. मोजणारं कुणी नव्हतं."

त्या तिघांची नावं कुणाला ठाऊक असतील तर कळवा. वंशावळीत लिहायची आहेत.