लुगड्याची गोधडी आणि कागदावरचे जोडकाम

गोधडीचा मूळ माल म्हणजे वर्षानुवर्षे धुऊन मऊ पडलेले सुती लुगडे. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटरचे. घड्या घालून थर रचले की एका माणसाचे पांघरूण त्यातून सहज निघते. आतल्या थरांत धोतराचे तुकडे, फाटके सदरे, जुने परकर काहीही चालते, पण वरचा थर जरा बरा निवडतात. थर जमिनीवर ताणून पसरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचे आणि मोठ्या सुईने कडेकडेने धावदोरा घालत आत यायचे. विरलेल्या जागी ठिगळ लावायचे आणि त्यावरूनही तोच दोरा पुढे न्यायचा. सगळे थर एकत्र धरतो तो हा धावदोरा. ठिगळांच्या जोडांवर फारसा भार येत नाही. त्यामुळे तुकडे वेडेवाकडे असले तरी बिघडत नाही. गरिबाघरची ही वस्तू साधूच्या अंगावरही असे. गाडगे महाराज (1876–1956) ठिगळांच्या वस्त्रामुळे गोधडे महाराज म्हणूनही ओळखले जात.

इंग्लंडात चिंध्यांचे जोडकाम निराळ्या वाटेने गेले. तिथे आधी कागदाचे साचे कापतात, बहुधा षटकोनी. प्रत्येक साच्यावर कापड दुमडून कच्चा टाका घालतात, मग कडेला कड लावून बारीक टाक्यांनी तुकडे जोडतात. तुकडा चहूबाजूंनी जोडला गेला की कागद काढून घेतात. या पद्धतीचे 1718 साली शिवलेले रेशमी पांघरूण आजही जतन केलेले आहे. त्याहून थोडे आधीचे, सुमारे 1708 चे, लेव्हन्स हॉल या हवेलीतले जोडकाम तर भारतातून गेलेल्या छापील चिटांचे आहे. ही चिटे तिकडे इतकी खपू लागली, की तिथल्या विणकरांच्या तक्रारींवरून 1700 आणि 1721 मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदे झाले. असे कापड इंचाइंचाने जपले गेले, यात नवल नाही. कागदही जुनाच असे: पत्रे, बिले, वह्यांची पाने. काही पांघरुणांत तो आतच राहिला आणि त्यावरच्या मजकुरामुळे काळ ठरवायला मदत झाली.

या तंत्राचा अगदी छोटा नमुना म्हणजे टाचण्या खोचायची उशी. सात षटकोनांची दोन फुले करायची, उलट बाजू आत ठेवून कडा शिवायच्या आणि उरलेल्या फटीतून लोकर किंवा चिंध्यांचा चुरा ठासायचा. कुरुंदाची पूड भरली तर सुयांचा गंजही निघतो. कोकणच्या दमट हवेत हा गुण बिनकामाचा नाही.

साच्याविना नक्षी साधणारे जोडकाम मराठी मुलखाच्या सीमेवरच सापडते. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले आणि त्यांतले बरेच पोर्तुगीज गोव्यातून पळून जंगलात वसले. त्यांच्या बायका कवंद हे पांघरूण कडेपासून मध्याकडे तुकडे लावत शिवतात. चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची फुले लावल्याशिवाय ते पुरे झाले असे मानत नाहीत.

मुंबईत 1854 मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. पुढे गिरणीचे स्वस्त सुती कापड गावोगाव पोचले आणि गोधडीला मालाची ददात राहिली नाही. मोडता घातला तो कृत्रिम धाग्याने. योगायोग असा, की 1960 च्या दशकात ‘टेरीन’ हा पॉलिएस्टर धागा मुंबईलगतच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातच तयार होऊ लागला. अशा धाग्याची साडी फाटत नाही, विटत नाही, पण घामही शोषत नाही. तिची गोधडी अंगावरून घसरते. इकडे लुगड्याची जागा पाचवारीने घेतली, तशी एका साडीतून निघणारी लांबीही कमी झाली.

मालाबरोबर जागेचाही प्रश्न आला. 1970 मध्ये नवे शहर वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झाले आणि बेलापूर, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशा आगरी-कोळी गावांभोवती नवी मुंबई उभी राहिली. मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले, तसे साताऱ्याकडचे माथाडीही या शहरात स्थिरावले. त्यांच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. लहान खोल्यांत वाकळ पसरून शिवायला जमीन पुरत नाही, हीदेखील अडचणच. आता बरेचसे काम शिंप्याकडच्या कात्रणांवर आणि शिवणयंत्रावर होते. हाताचा धावदोरा टिकून आहे तो मुख्यतः बाळाच्या दुपट्यात, कारण त्यासाठी जुनी सुती साडी अजूनही मुद्दाम राखून ठेवतात.