दोन छाटण्यांची वाइन

नाशिकच्या वाइनचे वय पाव शतकाच्या आसपास आहे. ज्या बागायतीतून ती निघाली ती मात्र कितीतरी जुनी. निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या पट्ट्यात खाण्याची द्राक्षे पिढ्यान्‌पिढ्या पिकत आली आहेत, आणि वाइनला लागणारे सर्वांत अवघड तंत्र इथल्या बागायतदाराने वाइनचा विचारही नव्हता तेव्हाच साधले होते.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात निद्रिस्त होते आणि पावसाळ्याची चिंता तिला नसते. नाशिकला तेवढी थंडी पडत नाही. मोकळी सोडलेली वेल बारा महिने वाढत राहते आणि ओल्या हवेत आलेला घड केवडा नि भुरी या बुरशीजन्य रोगांच्या तोंडी जातो. म्हणून इथे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या घडांची तयारी उन्हाळ्यातच होऊन जाते. पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. काडीवर मोजके डोळे राखले की नव्या फुटीबरोबर घड बाहेर पडतो. पीक एकदाच घेतले जाते, जानेवारी ते मार्चमध्ये: हवा कोरडी, दिवस उबदार, आणि सुमारे 600 मीटर उंचीमुळे रात्री गार. नाशिकच्या वाइनचा खरा पाया हाच. परदेशी यंत्रे आणि सल्लागार त्यानंतरचे.

महाराष्ट्रातील आधुनिक वाइन आधी नारायणगावला झाली. तिथे 1980 च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने फसफसती वाइन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. नाशिकचे पर्व राजीव सामंत यांच्यापासून सुरू होते. अमेरिकेतील नोकरी सोडून ते 1990 च्या दशकात परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या कुटुंबाच्या जमिनीवर आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षे असे प्रयोग करून पाहिले. पुढे कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांच्या सल्ल्याने सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची लागवड झाली. पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. आई सुलभा यांच्या नावावरून तिचे नाव ‘सुला’ ठेवले गेले.

वाइनच्या द्राक्षासाठी बागायतदाराला हाडीमासी खिळलेल्या काही सवयी सोडाव्या लागल्या. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून घड जीए (जिबरेलिक आम्ल) या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतात. वाइनला असा फुगलेला मणी नको असतो. रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो, त्यामुळे लहान, बियांचा, जाड सालीचा मणीच उपयोगी. वेलीवर घडही कमी ठेवावे लागतात. वजनावर पैसे मिळवत आलेल्या शेतकऱ्याने हे पटवून घेतले, ही या कुळकथेतली मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय क्वचितच दिले जाते.

राज्य सरकारच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूरला वाइन पार्क झाले, वाइनरी झपाट्याने वाढल्या. 2008 नंतरच्या मंदीत मागणी कोसळली, माल पडून राहिला आणि अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. ज्या वाइनरी टिकल्या त्यांनी पर्यटन आणि दर्जा यांवर भर दिला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले.

फेब्रुवारी-मार्चमध्ये उन्हाचा ताव वाढतो तशी द्राक्षातली साखर चढते आणि आंबटपणा झरझर उतरतो. म्हणून पांढऱ्या वाइनचे घड वेळीच आणि पहाटेच्या गारव्यात काढतात. सोव्हिन्यों ब्लांला हिरव्या पाल्याचा, लिंबाचा वास असतो. कोथिंबीर वडी किंवा लिंबू पिळलेले तळलेले पापलेट तिच्याबरोबर उत्तम लागते. पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असली तर ती पचपचीत वाटते, हे इथे लक्षात ठेवावे. मद्यार्क आणि तुरटपणा तिखटाचा जाळ वाढवतात, गोडवा तो शमवतो. त्यामुळे मिसळीबरोबर लाल वाइन घेऊ नये, किंचित गोडसर शेनिन ब्लां घ्यावी. ब्रूट, म्हणजे जवळजवळ गोडवा नसलेली फसफसती वाइन, साबुदाणा वडा आणि भज्यांचा तेलकटपणा कापते. शिराझ या लाल वाइनला मिरीचा नि धुराचा गंध असतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे, बेताच्या तिखटाचे मटण सुक्के तिला शोभते, कारण मांसातील चरबी आणि प्रथिने तिचा तुरटपणा मऊ करतात. वेलीवर जास्त पिकू दिलेल्या शेनिनची गोड वाइन पुरणपोळीशी जुळते. पाकात मुरलेल्या जिलेबीपुढे मात्र ती फिकी पडते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा आहे; नाशिकच्या एप्रिलमध्ये बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून 16 ते 18 अंशांवर आणावी.